ज्ञात आरएनएची साक्ष

जून २००७. वॉशिंग्टनमधील एका न्यायालयात लंडनचे शास्त्रज्ञ स्टीफन बस्टिन साक्षीला उभे राहिले. प्रश्न असंख्य आईबापांच्या काळजाला हात घालणारा होता: गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीमुळे मुलांना स्वमग्नता येते का? लशीमुळे इजा झाल्याचा दावा करणाऱ्यांसाठी अमेरिकेत स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे. तिच्यापुढे सुमारे ५,००० कुटुंबांचे दावे साठले होते आणि त्यांतले काही नमुन्यादाखल निवडून ऐकले जात होते. दावेदारांची सगळी भिस्त डब्लिनमधील एका प्रयोगशाळेच्या निष्कर्षांवर होती. स्वमग्न मुलांच्या आतड्याच्या ऊतींत आपल्याला गोवराच्या विषाणूचा आरएनए सापडला, असे त्या प्रयोगशाळेचे म्हणणे होते.

बस्टिन यांचा विषय लस नव्हता, मोजमाप होता. त्यांनी त्या प्रयोगशाळेच्या वह्या आणि यंत्राने नोंदवलेली मूळ आकडेवारी तपासली होती. गोवराच्या विषाणूची जनुके आरएनएची असतात, आणि त्याच्या जीवनचक्रात डीएनएची अवस्था कधीच येत नाही. पीसीआर यंत्र मात्र डीएनएच्याच प्रती काढू शकते. म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर घालून आरएनएची डीएनए-प्रत करावी लागते. चांगली प्रयोगशाळा त्याच नमुन्याची आणखी एक नळी लावते आणि तीत हे विकर मुद्दाम घालत नाही. ही ‘नो-आरटी’ नळी कोरी राहायला हवी. या प्रकरणात ती कोरी राहिली नव्हती. विकर नसतानाही संकेत येत होता, म्हणजे यंत्राला दिसत होता तो डीएनए. गोवराच्या विषाणूकडे डीएनए नसतो, तेव्हा तो प्रयोगशाळेतल्याच दूषणातून आलेला असणार.

दुसरा पुरावा मला याहून सुंदर वाटतो. काही ऊती ताज्या गोठवलेल्या होत्या, काही फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेल्या. फॉर्मॅलिनमध्ये आरएनएची मोडतोड होते, त्यामुळे तशा नमुन्यांत कुठलाही आरएनए कमीच मोजला जाणार. जवळपास प्रत्येक पेशीत असणाऱ्या जीएपीडीएच या जनुकाचा आरएनए तिथेही मोजलेला होता, आणि तो अपेक्षेप्रमाणे फॉर्मॅलिनच्या नमुन्यांत बराच घटलेला दिसत होता. गोवराचा म्हणून नोंदवलेला संकेत मात्र दोन्हीकडे सारखाच होता. एकाच नळीतल्या दोन आरएनएपैकी एक मोडतो आणि दुसऱ्याला धक्काही लागत नाही, हे होणे नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये निकाल लागला आणि दावे फेटाळले गेले. त्याच वर्षी बस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मोजणीचा अहवाल लिहिताना कोणती माहिती द्यायलाच हवी याची नियमावली प्रसिद्ध केली. ती ‘मिक्वी’ या नावाने जगभर वापरली जाते.

त्या न्यायालयात विषाणूपेक्षा जास्त चर्चा झाली ती त्याच्याशेजारी ठेवलेल्या नळ्यांची. यंत्राला काहीही घाला, ते आकडा देतेच. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याच्याबद्दल आपल्याला आधीपासून माहिती आहे असा आरएनए सांगतो.

आरएनएची मोजणी इतकी निसरडी का, हे थोडक्यात सांगतो. आपल्या यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत डीएनए एकच असतो. फरक पडतो तो कोणते जनुक किती चालू आहे यावरून. चालू जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या प्रती पेशीत तयार होतात, आणि त्या मोजणे म्हणजेच जनुकाची अभिव्यक्ती मोजणे. पण पेशीतल्या एकूण आरएनएमध्ये संदेशवाहक आरएनएचा वाटा जेमतेम एक ते पाच टक्के असतो. बाकीचा बहुतेक सगळा रायबोसोमचा. शिवाय आरएनए तोडणारी विकरे आपल्या त्वचेवर, घामात, टेबलावर, सगळीकडे असतात आणि ती सहजी नष्ट होत नाहीत. ऊती कापल्यापासून यंत्रात जाईपर्यंत काढणे, शुद्ध करणे, डीएनए-प्रत करणे, प्रती वाढवणे अशा अनेक पायऱ्या येतात, आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणून तीन फेऱ्यांचा फरक म्हणजे आठपट आणि दहा फेऱ्यांचा म्हणजे हजारपट. सुरुवातीची छोटी चूक शेवटी केवढी होते, याचा यावरून अंदाज येईल.

यावर सर्वांत जुना उपाय म्हणजे पेशीतल्याच एखाद्या जनुकाला आधार मानणे. पेशीचा रोजचा संसार चालवणारी काही जनुके असतात. जीएपीडीएच आणि बीटा-ॲक्टिन ही त्यांतली नेहमीची नावे. त्यांची पातळी स्थिर असते असे धरून बाकीच्या जनुकांची तुलना त्यांच्याशी करायची. अडचण अशी की ती नेहमी स्थिर नसतात. जीएपीडीएच साखरेच्या ज्वलनाच्या साखळीत काम करते, आणि पेशीला प्राणवायू कमी पडला की अनेक पेशींत त्याचे प्रमाण वाढते. गाठींमध्ये प्राणवायूचा तुटवडा नेहमीचा आहे. कर्करोगाच्या प्रयोगात केवळ जीएपीडीएचला मोजपट्टी मानणे म्हणजे जे मोजायचे त्याच्याबरोबर लांबी बदलणारी पट्टी हाती घेणे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या जो व्हांडेसोम्पेले आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यावर तोडगा सुचवला: एकावर न विसंबता अनेक आधार-जनुके मोजा, त्यांतली खरोखर स्थिर कोणती ते गणिताने ठरवा आणि त्यांची भूमितीय सरासरी घ्या. आजही पीसीआरवर काम करणाऱ्याने निदान एवढे तरी करावे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही आधार-जनुक हे त्याच पेशीतले असते. पेशी बदलली की तेही बदलू शकते. त्यामुळे खरा परका साक्षीदार बाहेरूनच आणावा लागतो. अभ्यासाच्या जीवात ज्याचा मागमूस नाही असा आरएनए ठरावीक प्रमाणात नमुन्यात घालायचा आणि शेवटी तो किती सापडला ते पाहायचे. प्रयोगशाळांच्या बोलीत याला ‘स्पाइक-इन’ म्हणतात. ही युक्ती मायक्रोॲरेच्या, म्हणजे काचेवरच्या ठिपक्यांनी अनेक जनुके एकाच वेळी मोजण्याच्या पद्धतीच्या, जन्मापासूनची आहे. १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून मायक्रोॲरेवरचा पहिला निबंध आला. त्यात अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाची ४५ जनुके मोजली होती आणि रोपाच्या आरएनएमध्ये माणसाच्या ॲसिटिलकोलिन रिसेप्टरचा आरएनए दहा हजारांत एक या प्रमाणात मिसळला होता. रोपात हा रिसेप्टर नसतो. म्हणून काचेवर त्याचा ठिपका जेवढा उजळेल तेवढा हा दहा हजारांत एकचा उजेड, एवढे निर्विवाद कळत होते.

पुढच्या काही वर्षांत मायक्रोॲरेचा धंदा झपाट्याने वाढला. प्रत्येक कंपनीची काच वेगळी, पद्धत वेगळी आणि कंट्रोलही (पडताळणीसाठी ठेवलेला ज्ञात नमुना) ज्याचा त्याचा. मग २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील एका गटाने एकच आरएनए तीन कंपन्यांच्या काचांवर तपासला. तिन्ही काचांनी मिळून १८५ जनुके बदललेली दाखवली, पण तिघींचे एकमत झाले ते फक्त ४ जनुकांवर. औषधांना परवानगी देणाऱ्या खात्यांना हे परवडणारे नव्हते. उद्या एखादी कंपनी आपल्या औषधाचा जनुकांवरचा परिणाम अशा काचांवर मोजून आणील, तेव्हा कोणावर विश्वास ठेवायचा?

यातून दोन मोठी कामे उभी राहिली. पहिले काम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झाले. लेमिंग शी त्याचे सूत्रधार होते, आणि ‘मॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पात ५१ संस्था सहभागी झाल्या. त्यांनी दोन संदर्भ आरएनए निवडले. ‘अ’ म्हणजे माणसाच्या दहा वेगवेगळ्या पेशीवंशांचा आरएनए एकत्र करून बनवलेले मिश्रण. त्यात इतक्या प्रकारच्या पेशी असतात की बहुतेक जनुके कुठे ना कुठे चालू सापडतात. ‘ब’ म्हणजे मानवी मेंदूचा आरएनए. मग त्यांनी या दोहोंची आणखी दोन मिश्रणे केली: ‘क’ मध्ये तीन भाग ‘अ’ आणि एक भाग ‘ब’, तर ‘ड’ मध्ये त्याच्या उलट.

या साध्या मिश्रणात फार खोल विचार आहे. एखाद्या जनुकाची ‘अ’ मधली खरी पातळी कोणालाच माहीत नाही. पण समजा यंत्राने ती ‘अ’ मध्ये १०० आणि ‘ब’ मध्ये २० दाखवली, तर ‘क’ मध्ये ८० आणि ‘ड’ मध्ये ४० यायला हवी. उत्तर ठाऊक नसतानाही उत्तरांमधले नाते ठाऊक आहे. हजारो जनुकांसाठी हे नाते तपासले की यंत्र कुठे खरे बोलते आणि कुठे अडखळते ते उघडे पडते. (नेमकेपणाने सांगायचे तर ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या एकूण आरएनएतला संदेशवाहक आरएनएचा वाटा सारखा नसतो, त्यामुळे अपेक्षित आकडे थोडे सरकतात. तो हिशोबही त्या लोकांनी केला.) सप्टेंबर २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काळजीपूर्वक काम केले आणि आकडेवारीची पद्धत योग्य ठेवली, तर वेगवेगळ्या प्रयोगशाळा आणि वेगवेगळ्या काचा बऱ्यापैकी एकच गोष्ट सांगतात, असे दिसले. तीन वर्षांपूर्वीच्या गोंधळात दोष नुसत्या काचांचा नव्हता, हे सिद्ध व्हायला दोन सामायिक आरएनए पुरले.

दुसरे काम बाहेरून घालायच्या आरएनएचे. २००३ मध्येच कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी संस्था यांनी एक संघ स्थापला. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक, पण सगळे त्याला ‘ईआरसीसी’ म्हणतात. मेरीलँडमधील गेदर्सबर्ग येथील मापन-प्रमाणांची राष्ट्रीय संस्था, म्हणजे ‘निस्ट’, त्याच्या मध्यभागी होती. या संघाने असे क्रम गोळा केले जे माणूस, उंदीर आणि इतर नेहमीच्या प्राण्यांच्या जनुकसंचाशी जुळणार नाहीत. काही क्रम मातीतल्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे, काही समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या मिथॅनोकाल्डोकोकस जनाशी या सूक्ष्मजीवाचे, तर काही पूर्णपणे कृत्रिम. ‘निस्ट’ विकते ते मात्र आरएनए नव्हे, ९६ प्लास्मिडांचा, म्हणजे डीएनएच्या छोट्या वलयांचा संच. आरएनए टिकत नाही, डीएनए टिकतो. क्रम प्रमाणित केलेला डीएनए हाती असला की त्यापासून हवा तेव्हा आरएनए बनवता येतो. त्यावरून बाजारात आलेल्या मिश्रणात ९२ आरएनए असतात. सर्वांत विरळ आणि सर्वांत दाट यांच्यातला फरक सुमारे दहा लाखपट. या मिश्रणाचे दोन प्रकार मिळतात. दोन्हींत घटक तेच, पण २३-२३ चे चार गट करून त्यांची गुणोत्तरे वेगळी ठेवलेली: एका गटात चौपट, एकात सारखे, एकात दोनास तीन आणि एकात निम्मे.

आता एका नमुन्यात पहिले मिश्रण घाला, दुसऱ्यात दुसरे, आणि सिक्वेन्सिंग करा, म्हणजे आरएनएच्या प्रतींचे क्रम वाचून त्या मोजा. घातलेले प्रमाण आणि सापडलेले प्रमाण यांचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत जायला हवा. जिथून तो वाकडातिकडा होतो तिथे आपल्या प्रयोगाची दृष्टी संपते. त्याखालच्या जनुकांबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार नाही. चौपट गटात चौपट फरक दिसला आणि सारख्या गटात काहीच दिसला नाही, तर आपल्या इतर निष्कर्षांनाही वजन येते. सारख्या गटातच फरक दिसू लागला, तर बाकीच्या यादीतली किती जनुके खोटी आहेत याचा विचार करण्याची वेळ आली.

पण स्पाइक-इनचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. सिक्वेन्सिंग यंत्र मोजते ते प्रमाण, संख्या नव्हे. समजा एका घराचे महिन्याचे उत्पन्न तीस हजार आहे, दुसऱ्याचे नव्वद हजार, आणि दोन्ही घरे निम्मे पैसे किराण्यावर, पाव भाड्यावर आणि पाव शाळेवर घालवतात. टक्केवारीच्या तक्त्यात ही दोन घरे तंतोतंत सारखी दिसतील. पेशींचेही असेच होऊ शकते. एका पेशीत सगळीच जनुके तिप्पट चालू असतील, तर प्रमाणे बदलत नाहीत आणि यंत्र म्हणते, काही फरक नाही. त्यात काही जनुके तिप्पट आणि काही दुप्पट झाली, तर दुप्पट झालेली यादीत चक्क घटलेली म्हणून येतात.

हे कल्पनेतले उदाहरण नाही. सी-मिक हे कर्करोगातले अत्यंत महत्त्वाचे जनुक. ते काही जनुके चालू करते आणि काही बंद करते, असे अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दिसत होते. २०१२ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधील रिचर्ड यंग यांच्या गटाने एक साधी गोष्ट केली. त्यांनी आधी पेशी मोजल्या आणि पेशींच्या संख्येच्या प्रमाणात बाहेरचा आरएनए घातला. मिक जास्त असलेल्या पेशींत एकूण आरएनएच दोन ते तीन पट निघाला. नेहमीच्या पद्धतीत दोन्ही बाजूंचा आरएनए वजनाने समान करून घेतात. त्याच पायरीवर हा फरक पुसला जात होता. बाहेरच्या आरएनएच्या आधाराने पुन्हा हिशोब केला, तेव्हा त्या पेशींत चालू असलेली बहुतेक जनुके वाढलेली दिसली. मिकच्या कामाबद्दलची चर्चा पुढे २०१४ मध्येही चालू राहिली आणि वेगळी मतेही आली. मोजणीचा धडा मात्र निर्विवाद राहिला. मिकवरचे आधीचे संशोधक निष्काळजी नव्हते. दोन पेशींत एकूण आरएनए सारखाच असतो, हे सर्वांनी न तपासता धरले होते.

म्हणून स्पाइक-इन केव्हा घालायचा याला फार महत्त्व आहे, आणि इथेच नवखे लोक सर्वांत जास्त चुकतात. आरएनए शुद्ध करून, वजन समान करून मग घातला, तर पुढच्या पायऱ्या कशा झाल्या एवढेच कळते. पेशींतला एकूण आरएनए बदलला का, हे जाणून घ्यायचे असेल तर पेशी मोजून, त्या फोडल्याबरोबर तो घालायला हवा. तोही एकच साठा करून सर्व नमुन्यांत त्याच साठ्यातून. इतक्या थोड्या द्रवात पिपेट जरा जरी हलला, तरी सगळा संदर्भच चुकतो.

स्पाइक-इनलाही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. या कृत्रिम आरएनएची शेपटी, म्हणजे टोकाची ॲडेनिनची माळ, आखूड असते. खऱ्या संदेशवाहक आरएनएच्या दुसऱ्या टोकाला असणारी टोपी त्याला नसते, भोवती प्रथिने गुंडाळलेली नसतात. त्यामुळे शेपटी पकडून आरएनए वेगळा करण्याच्या पायरीवर तो पेशीच्या आरएनएसारखा वागेलच असे नाही. बर्कलीच्या एका गटाने २०१४ मध्ये दाखवले की केवळ स्पाइक-इनच्या आधारे सगळी आकडेवारी समान पातळीवर आणणे बरेचदा धोक्याचे ठरते. त्यांनी सुचवलेली पद्धत या आरएनएतून नको असलेला चढउतार ओळखून तो वजा करते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या गार्वन इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये अख्खे कृत्रिम गुणसूत्र रचून त्यावरच्या जनुकांचा, तुकडे जोडून तयार होणारा आरएनए कंट्रोल म्हणून दिला. तो खऱ्याच्या अधिक जवळ जातो. एकेका पेशीच्या अभ्यासात प्रत्येक पेशी तेलातल्या वेगळ्या थेंबात बंद करण्याची पद्धत वापरतात, तिथे वेगळीच पंचाईत होते. बहुतेक थेंब पेशीविना रिकामे असतात, पण बाहेरचा आरएनए त्या रिकाम्या थेंबांतही शिरतो आणि सिक्वेन्सिंगचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. म्हणून तिथे तो क्वचितच घालतात.

या सगळ्याशी आपला संबंध कोविडमध्ये आला, फक्त त्याचे नाव आपल्याला कोणी सांगितले नाही. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या पहिल्या रुग्णाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला गेला. पुढे गावोगाव आरटी-पीसीआर सुरू झाले. त्या चाचणीत विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचेही एखादे जनुक शोधतात, बरेचदा आरएनेझ पी नावाचे. ते सापडले नाही, तर स्वॅब नीट घेतलाच गेला नाही किंवा आरएनए वाटेत नष्ट झाला, असा अर्थ होतो. मग ‘निगेटिव्ह’ न म्हणता पुन्हा नमुना मागवतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे पहिले किट राज्यांच्या प्रयोगशाळांत पोहोचले आणि नमुनाच न घातलेल्या कोऱ्या नळीत संकेत येऊ लागले. त्या कोऱ्या नळ्या लावल्या होत्या म्हणूनच दोष लगेच पकडला गेला. त्या नसत्या तर निरोगी लोकांना बाधित ठरवणारे अहवाल बाहेर पडले असते.

आपल्या विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून आता मोठ्या संख्येने विद्यार्थी क्यूपीसीआर आणि आरएनए-सिक्वेन्सिंग करतात. अनुदान तुटपुंजे, किट महाग. प्लेटमधले खळगे मोजकेच असतात, आणि खर्च वाचवायचा म्हटले की पहिली कात्री कंट्रोलवर चालते. नो-आरटी नळी वगळली जाते, कोरी नळी एकच लावली जाते, आधार-जनुक म्हणून शेजारच्या टेबलावरचा जीएपीडीएचचा प्रायमर वापरला जातो. मी कळकळीने सांगेन की कापायचेच असेल तर जनुकांची संख्या कापा. बारा जनुके मोजण्याऐवजी आठ मोजा आणि उरलेली जागा ज्ञात आरएनएला द्या. स्पाइक-इन कोणत्या पायरीवर घालायचा ते ऊती कापण्याआधी मार्गदर्शकांशी बोलून वहीत लिहून ठेवा, कारण नंतर तो घालता येत नाही. आणि दुसऱ्याचा निबंध वाचताना निष्कर्षांआधी पद्धतीच्या भागात जाऊन कोऱ्या नळीत काय आले होते ते शोधा. ते लिहिलेले नसेल, तर लेखकाला पत्र पाठवून विचारा.